पाटीवरचा काना

आमची मधली भिंत कंबरेएवढीच. पलीकडे आजी, अलीकडे मी. आजी माझ्या नात्यातल्या नाहीत. पण लग्न होऊन मी जळगाव जामोदच्या या गल्लीत आले, तेव्हाही त्या आजीच होत्या. सकाळची भांडी उरकली की त्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवतात, मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं तारेपाशी जाते, आणि मग वरच्या सातपुड्यापासून खाली नांदुऱ्याच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांची खबरबात निघते.

त्या दिवशी तिसऱ्या घरापुढे टेम्पो लागला होता. चार माणसं मिळून काहीतरी जड उतरवत होती. लाकडाची भली मोठी उखळी, तिच्यात लाकडाचंच मुसळ, खाली लोखंडी सांगाडा.

"अव माय, थे काय उतरून राह्यलं?"

"घाणा आहे, आजी. तेलाचा."

"घाणा? मंग बैल कुठी हाय?"

"मोटारीवर चालतो हा."

आजींनी जरा विचार केला. "म्हंजे सतरा वर्स पुन्यात घाण्याचा बैल होता, आता घाणा घरी आनला, त बैलच नाही. मंग जुंपनार कोनाले?"

आजींना कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या बोलतात मोठ्यानं. दार धरून उभ्या असलेल्या त्या घरच्या वहिनींनी ते ऐकलं. त्या हसल्या नाहीत.

तर हे तिसरं घर म्हणजे कंपनीवाल्यांचं. आमच्या गल्लीत आडनाव लागतं ते फक्त पोस्टमनला. बाकी सगळे एसटीवाले, लाइनमनभाऊ, तलाठीआप्पा. आमचे 'हे' शाळेतून निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली, अजून घर गुरुजींचंच आहे. पेन्शन महिन्याला एकदा येते, गुरुजी ही हाक दिवसातून दहादा येते, आणि खरं सांगायचं तर यांना दुसरीच जास्त मानवते. आणि आडनावं तरी काय वेगळी? देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, पोतदार या सगळ्या कोणे एके काळच्या नोकऱ्याच. काम गेलं, वतन गेलं, पाटी तेवढी राहिली.

या घरचे भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, चाकणला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होते. दिवाळीला यायचे ते कंपनीचं जॅकेट घालून, आपल्याकडे ऑक्टोबरात काय उकाडा असतो ते माहीत असूनही. लग्न ठरलं तेव्हा बायोडाटात तीनच शब्द होते, 'पुणे, कंपनी, पर्मनंट'. त्या तिसऱ्या शब्दावर मुलीकडचे चहा न पिताच हो म्हणाले होते, असं आजी सांगतात. आजी तेव्हा हजर नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी ते नोकरी सोडून आले. काढलं नव्हतं, सोडली होती. पण गल्लीत या दोन्हींना एकच शब्द आहे. सहा महिने लोक त्यांना 'सध्या घरीच असतात' म्हणत. हे सहा महिने फार वाईट, बरं का. कंपनीवाले हे नाव गेलेलं आणि नवं आलेलं नाही. भाऊ सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि बसस्टँडवर पेपर वाचून अकराला परत यायचे. मी पाहिलंय. त्यांची मुलगी शाळेचा फॉर्म भरायला आमच्या गुरुजींकडे आली होती. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"आजोबा, काय लिहू?"

"बाबांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, रिकामं सोड."

गुरुजींनी तिथं 'शेती' लिहून दिलं. यांची शेती दीड एकर, तीही बटाईनं दिलेली. पण आपल्याकडे फॉर्मातला कुठलाही खड्डा शेतीनं बुजवता येतो.

मग घाण्याची गोष्ट निघाली. कुणीतरी म्हणालंच, "हे का आपलं काम हाय?" आपलं म्हणजे कोणाचं, ते आपल्या गावात उलगडून सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेल सगळ्यांनी खाल्लं, पण ते गाळणाऱ्याच्या घरचं पाणी पिताना दहा विचार केले. आता तेच घाण्याचं तेल पुण्यात काचेच्या बाटलीत दुप्पट भावानं जातं, तेव्हा कोणी विचारत नाही कोणाचं काम.

गुरुजींनी त्या संध्याकाळी भाऊंना ओट्यावर बसवून किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. यांना कुठलीही गोष्ट धड्यासारखीच सांगता येते, त्याला इलाज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. चांगली इभ्रतीची नोकरी. बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं. यांनी राजीनामा दिला, बेळगावला थोरल्या भावासोबत सायकलींचं दुकान थाटलं, लोकांना सायकल चालवायला शिकवलं. पुढे लोखंडी नांगर केले, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. दोन वर्षं नांगर विकले गेले नाहीत. मग १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर, निवडुंग उपटून, किर्लोस्करवाडी उभी राहिली.

भिंतीपलीकडून आजी म्हणाल्या, "थे वाडी-बिडी राहू द्या, गुरुजी. थे दोन वर्स नांगर घरात पडून होते, तव्हा त्याची बायको शेजारनीले काय सांगत असन?"

गुरुजी गप्प बसले. मला मात्र वाटलं, सबंध धड्यात प्रश्न विचारावा असा तोच एक होता. माझ्या भाच्याच्या मोबाईलवरही असल्या गोष्टी ढिगानं येतात. टेल्कोत इंजिनिअर असलेले हणमंतराव गायकवाड नोकरी सोडतात आणि पुढच्याच मिनिटाला त्यांच्या हाताखाली हजारो माणसं. मधली वर्षं कापलेली. ज्याचं मधलं सहा महिन्यांचं बसस्टँड चालू आहे, त्यानं काय बघायचं त्यात?

आता खरी बातमी सांगते, जी आजींना माझ्याआधी कळली म्हणून मी चार दिवस नाराज होते. घाणा भाऊंच्या नावावर नाहीच. वहिनींच्या नावावर आहे.

त्याचं कारण हिशेबाचं. पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या योजनेत, नगरपालिकेच्या हद्दीत, खुल्या प्रवर्गातल्या पुरुषानं अर्ज केला तर दहा टक्के पदरचे घालायचे आणि सबसिडी पंधरा टक्के. तोच अर्ज बाईनं केला तर पदरचे पाच टक्के, सबसिडी पंचवीस. आठ लाखांच्या कामात पहिल्या हिशेबानं ८० हजार भरून १ लाख २० हजारांची सूट, दुसऱ्यानं ४० हजार भरून २ लाखांची. भाऊंनी कंपनीत सतरा वर्षं मापं तपासली होती. त्यांना हे कळायला कागदाची एक बाजू पुरली. सबसिडी हातात मात्र पडत नाही हं, तीन वर्षं बँकेतच नावावर अडकून असते, आणि धंदा चालू दिसला तरच कर्जातून वळती होते. गल्लीत 'सरकारनं दोन लाख दिले' अशी जी आवई आहे, ती आजींनी उठवली आहे.

मग प्रशिक्षण आलं, तेही वहिनींनाच करावं लागलं. उद्यमची नोंदणी झाली, तिचा कागद छापून आला, त्यावर वहिनींचं नाव, वडिलांच्या नाही तर नवऱ्याच्या नावासकट, पण आधी त्यांचंच. त्यांनी तो चौकटीत बसवून देवघराशेजारी लावला. मी बघायला गेले तर हळूच म्हणाल्या, "ताई, लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव पहिल्यांदाच असं छापून आलं."

आणि पत्रिकेत तर ते चि. सौ. कां.च्या मागे दबलेलं असतं.

पाटीचं मात्र जे झालं ते गल्लीला वर्षभर पुरेल. रंगवणाऱ्या पोरानं रात्रीतून काम उरकलं. सकाळी पाहतो तर हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत, 'लाकडी घाण शुद्ध तेल'. एक काना राहिला होता, एकच. शाळेची पोरं येता-जाता मोठ्यानं वाचायची. दोन दिवसांत घराचं नाव 'घाणवाले' झालं. इतके महिने लोकांना या घरासाठी शब्द सापडत नव्हता, आणि सापडला तो हा! भाऊंनी शिडी आणली, स्वतः वर चढले आणि काना काढला. पण पाटी आधीच भरलेली, जागा कुठे? तो काना 'ण'ला चिकटून असा तिरपा उभा आहे की अजूनही मधे कोणी काठी टेकवल्यासारखं दिसतं. पाटी नवी करा म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, लोक थांबून वाचतात तरी."

पहिला घाणा करडीचा काढला. मी समोर होते. उखळीत करडी ओतली, मुसळ फिरायला लागलं, अगदी बैलाच्या चालीनं, घाई नाही. आवाज असा की जुनं दार कोणी दिवसभर उघडझाप करतंय. बराच वेळ काहीच नाही. भाऊ वाकून वाकून बघत होते, कपाळावर घाम. मग उखळीच्या बुडाच्या नळीतून एक बारीक, गढूळ धार आली. वहिनींनी तिच्याखाली बोट धरलं आणि चाटलं. तेवढ्यात आजी काठी टेकत हजर. त्यांनी तळहातावर चार थेंब घेतले, दोन्ही हात चोळले, नाकापाशी नेले.

"करडीच हाय," असा निकाल दिला. "पर इस्तवावर ठेवलं त फेस येईन."

"आजी, दोन दिवस निवळू द्यायचं असतं."

"मले नको सांगू. माह्या माहेरी घाण्याचंच तेल होतं. भाकरीवर ठेचा, ठेच्यावर कच्चं तेल."

त्यांनी लुगड्यात लपवलेली बुधली पुढे केली. इथं खरा पेचप्रसंग झाला. खायचं तेल असं सुटं विकता येत नाही. बाटली बंद, वर नाव-पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, सगळं लागतं. वहिनींनी ते समजावून सांगितलं. आजी बुधली घेऊन परत आल्या आणि आठ दिवस भिंतीवर एकच विषय. "मले म्हनते, सुटं भेटत नाही! मालकीन झाली थे!"

मालकीण. रागानं म्हणाल्या, पण पहिल्यांदा म्हणाल्या त्याच. ते मी लक्षात ठेवलंय.

भाव ऐकून मात्र बरेच लोक परत जायचे. शेंगदाण्याचं एक लिटर निघायला अडीच-पावणेतीन किलो दाणे जातात, तेव्हा ते पाकिटातल्या तेलाच्या भावात कसं पडेल? पहिल्या दोन महिन्यांत तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, ढेपीला होतं. म्हशीवाले पहाटेच येऊन उभे. त्यामुळे काही दिवस ते घर 'ढेपवाले' झालं. भाऊंना ते लागलं, मी म्हटलं, लागू देऊ नका. शेगावला फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी कचोरी विकायला घेतली, तेव्हा लोकांनी त्यांना काय काय म्हटलं असेल. आज शेगावची कचोरी म्हटल्यावर पंजाब कोणाला आठवतो? हे मी गुरुजींसारखं बोलले, मलाच हसू आलं.

यंदा अक्षय तृतीयेला आजी भेंडवळला घट बघायला गेल्या. आपल्या तालुक्याचंच ते, पहिल्या दिवशी संध्याकाळी अठरा धान्यं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडता पीकपाण्याचं भाकीत. अंनिसवाले दरवर्षी आक्षेप घेतात, त्यांचं चूक नाही. आजी दरवर्षी जातात, त्यांना मी अडवत नाही. आल्या त्या थेट तिसऱ्या घरी. घटात करडी, जवस, तीळ कुठं सरकले, कुठं तसेच राहिले, ते वहिनींना बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि जाताना एक सीलबंद अर्धा लिटरची बाटली हातात दिली. पैसे घेऊन. आजींनी कटकट न करता दिले. मी तारेपाशीच होते.

परवा दुपारी फाटकाशी एक शेतकरी उभा. डोक्यावर गमछा, सायकलच्या कॅरियरला अर्धं पोतं बांधलेलं. आसलगावहून आला होता.

"बाई, घाणा कुठी हाय? घरची करडी आनली, काढून पाह्यजे."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "ते काय, कंपनीवाल्यांकडे जा."

तो गोंधळला. "कंपनी नाही, बाई. मले घाणा पाह्यजे. थ्या मालकीनबाईचा."

भिंतीवरून आजींनी काठी उचलून दाखवली. "तिसरं घर. पाटीवर वाकडा काना दिसला का थांब."