आबांची फळी आणि स्पेनची गादी

फिजिओथेरपीच्या मुलांना पुराव्यानिशी उपचार करायला शिकवायचं म्हणजे त्यांना मास्तरांशी हुज्जत घालायला शिकवायचं, आणि तेही मास्तरांनीच. बारावीपर्यंत ज्यांनी 'सरांनी सांगितलंय' यापलीकडे दुसरा पुरावा पाहिलेला नाही, त्यांना एके दिवशी विचारायचं, 'हे कशावरून?' मुलं बिचारी प्रामाणिक असतात. ती म्हणतात, 'मॅम, मागच्या तासाला तुम्हीच सांगितलंत ना!'

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयझॅक्स आणि फिट्झजेराल्ड या दोन बालरोगतज्ज्ञांनी 1999 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पुराव्याला सात पर्याय सुचवले होते. पहिला पर्याय ज्येष्ठतेचा: डॉक्टरांच्या पांढऱ्या केसांची झळाळी मोजायची, ती जितकी जास्त तितका उपचार खरा. दुसरा तावातावाचा, आणि तो डेसिबलमध्ये मोजायचा. वॉर्डात राउंडला गेलेल्या कुणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही. आमच्या एका वरिष्ठांचे केस आणि आवाज दोन्ही दांडगे होते. त्यांनी लिहून दिलेला शेक-मसाज बदलायची कुणाची छाती नव्हती.

कॉलेज बंद पडून हा विषय ऑनलाइन शिकवायची वेळ आली तेव्हा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. समोर काळे चौकोन, त्यांवर नावं, आणि मधूनच 'मॅम, आवाज तुटतोय.' कुणी रत्नागिरीहून, कुणी लातूरहून, कुणी गच्चीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे छत्री घेऊन बसलेलं. पण दोनेक तासांत एक गंमत लक्षात आली. वर्गात हात वर करायला जी मुलं धजत नव्हती ती चॅटमध्ये बेधडक लिहायला लागली. 'मॅम, अल्ट्रासाउंड थेरपीने खरंच काही होतं का?' माझ्या डोळ्यांत बघून हे विचारणं त्यांना जमलं नसतं. मग मी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि गृहपाठ दिला: घरात चालणारा तब्येतीचा एक सल्ला निवडा आणि त्याचा पुरावा शोधा.

पद्धत तीच, जगभर शिकवतात ती. आधी प्रश्न नीट मांडायचा: रुग्ण कोण, उपाय काय, तुलना कशाशी, आणि नेमका फरक कशात बघायचा. मग गूगलवर पहिलं दिसेल ते उचलायचं नाही. आम्हा फिजिओवाल्यांसाठी सिडनीच्या मंडळींनी 1999 पासून 'पेड्रो' नावाचा फुकट साठा उघडून ठेवलाय. त्यात प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात. दुसऱ्यांच्या संशोधनाला दहापैकी चार पडलेले पाहून आमच्या मुलांना जो आनंद होतो, तो स्वतःला आठ पडल्यावरही होत नाही.

घराघरांतून सल्ल्यांचा पूर आला. वाफाऱ्यावर तर पाचसहाजणी तुटून पडल्या. सर्दीवरच्या गरम वाफेवर, झालेलं संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा आहे आणि तो लिहिण्यात चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांचा पुढाकार आहे. सहा चाचण्या, 387 माणसं, आणि ठाम फायदा काही दिसला नाही. शिवाय त्या चाचण्यांतली वाफ यंत्रातून येणारी. डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकायचं आणि पातेलं अंगावर सांडून घ्यायचं, हे आपल्याकडचं. खोकल्यावरच्या मधाने मात्र आजीची लाज राखली. मुलांच्या खोकल्याला मध काहीच न देण्यापेक्षा बरा, असं कॉक्रेनच सांगतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तेवढा द्यायचा नाही. एका आजीने एक डाव जिंकला आणि एक हरला. घरात नातीबद्दलचा आदर वाढला की घटला, ते मी विचारलं नाही.

सगळ्यांत रंगलं ते साताऱ्याकडच्या एका मुलीचं सादरीकरण. तिचे आबा पाठ दुखते म्हणून वर्षानुवर्षं लाकडी फळीवर झोपतात. तिने पेपर शोधला तो चांगला दणदणीत होता. 'लॅन्सेट'मधला, 2003 चा, स्पेनमधला. जुनी कंबरदुखी असलेली 313 माणसं, निम्म्यांना घरी कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक, आणि कुणाला कुठली हे माणसांना माहीत नाही. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. ती स्क्रीनवर तक्ता दाखवत होती, एवढ्यात मागून आवाज आला.

'ती मान्सं म्हातारी हुती का तरणी?'

कॅमेरा हलला. खाटेवर बसलेले आबा दिसले, मांडीवर वर्तमानपत्र, नाकावर चष्मा. सगळा वर्ग जागा झाला. सगळ्या तासांत मिळून जितके कॅमेरे चालू झाले नव्हते तितके त्या मिनिटात झाले.

'आणि फळीवर कुणी निजलं हुतं का त्यांच्यात?'

नव्हतं. तुलना कडक गादीशी होती, फळीशी नव्हे. पोरगी गप्प.

'आन् ह्या कामाला पैसा कुनी दिला? गादीवाल्यानं?'

ती घाईघाईने पेपरच्या तळाशी शोधायला लागली. मी मात्र मनातल्या मनात आबांना पैकीच्या पैकी गुण दिले. पुरावा आपल्या रुग्णाला लागू पडतो का, तुलना नेमकी कशाशी, पैसा कुणाचा, हे तीन प्रश्न माझ्या स्लाइडवर बावीस नंबरला होते आणि तिथपर्यंत आम्ही अजून पोचायचे होतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात या शास्त्राचा पाया घालणाऱ्या डेव्हिड सॅकेट यांनी 1996 साली स्पष्ट लिहून ठेवलं होतं की पुरावा एकटा पुरत नाही, वैद्याचा अनुभव हवा आणि रुग्णाची इच्छाही हवी. ही रुग्णाची इच्छा पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. इथे ती खाटेवर बसून उलटतपासणी घेत होती.

याच सॅकेट यांनी ऑक्सफर्डच्या रुग्णालयात 'पुराव्याची गाडी' केली होती. भाजीच्या हातगाडीसारखी ढकलत न्यायची, वर कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि शोधनिबंधांच्या सीडी. गाडी असताना डॉक्टर उत्साहाने पुरावा शोधायचे. ती काढून घेतली तेव्हा गरज जास्तच भासू लागली, पण प्रत्यक्ष शोध घेतला गेला जेमतेम 12 टक्के वेळा. आता ती अख्खी गाडी प्रत्येक मुलाच्या खिशात आहे, आणि बरीचशी रीलच्या भारानेच वाकलेली आहे.

पुरावा शिकवण्याचा पुरावा काय, हेही कुणीतरी तपासलंय. 2004 साली ब्रिटनमधल्या दोघांनी डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणावरचे अभ्यास चाळले. नुसत्या वेगळ्या तासांनी माहिती वाढते, वागणं बदलत नाही. रोजच्या कामात, रुग्णासमोर शिकवलं तर दोन्ही बदलतं. म्हणजे ऑनलाइन की वर्गात, हा वाद तसा दुय्यम. प्रश्न ज्याचा आहे तो माणूस कानाच्या टप्प्यात हवा. कॉलेजच्या वर्गात तो नसतो, घरच्या खाटेवर असतो.

आबांचं शेवटी असं ठरलं की फळी हलणार नाही, पण वर दोन गोधड्या पडतील, आणि सकाळी नात सांगेल ते व्यायाम होतील. नातीने गोधडीसाठीही पेड्रो धुंडाळला. हाती काही लागलं नाही, तसं तिने अहवालात लिहिलं.

कॉलेज पूर्ववत सुरू झालं तरी या विषयाचा एक तास मी मुद्दाम मुलं घरी असतानाच, ऑनलाइन ठेवते. तेव्हा पालकांना आणि आजी-आजोबांना एवढीच विनंती: त्या तासाला टीव्ही बंद ठेवा. तुम्ही मात्र मधे बोला.