जीर्ण सीडीच्या दरबारी अर्ज करण्याची रीत

ज्या गृहस्थाच्या आप्तमंडळींत 'याला कॉम्प्युटरातलं कळतं' अशी ख्याती त्याच्या दुर्दैवाने पसरलेली असते, आणि म्हणून ज्याच्यापुढे कपाटाच्या वरच्या फळीवरून, जुनी पंचांगे व रुखवताची ताटे यांच्या मागून काढलेली एखादी सीडी वीस-पंचवीस वर्षांनी आणून ठेवली जाते, त्याच्यासाठी प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत. त्याच्या यंत्रावर लिनक्सचा अंमल आहे असे येथे गृहीत धरले आहे. कारण लिनक्सच्या राज्यात नकार मिळाला तरी त्या नकाराची लेखी नोंद दप्तरात राहते, आणि ती वाचता येणे ही या विद्येची अर्धी साधना होय.

आमच्यापुढे ही सीडी आमच्या आत्याने ठेवली. तीत २००१ साली झालेला आमच्या आतेबहिणीचा विवाह होता. आत्याला विवाहाशी कर्तव्य नव्हते. "मला फक्त आहेर बघायचाय," ती म्हणाली. "निरांजनांची जोडी चांदीची दिली म्हणून जाऊबाई गेली वीस वर्षं सांगत फिरतायत. एकदा डोळ्यांनी बघून घेते."

प्रथम शुद्धी. सीडी कडेने धरावी. तिची खालची बाजू चकाकते म्हणून सारे जग तिचीच काळजी वाहते. वस्तुतः मजकूर त्या बाजूस नसतोच. लेसरचा किरण खालून शिरून सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचे पारदर्शक प्लास्टिक ओलांडतो, तेव्हा कोठे तो मजकुराशी पोहोचतो, आणि तो मजकूर छापील बाजूच्या पातळ रोगणाखाली, म्हणजे जवळजवळ उघड्यावर, संसार करीत असतो. म्हणून खालचा ओरखडा क्षम्य, वरचा प्राणघातक. वधूवरांचे छायाचित्र असलेला चिकट कागद वरून सोलून काढण्याचा मोह ज्याला आवरला नाही, त्याच्या हाती छायाचित्रासह लग्नही सोलून येते. पुसावयाचे ते मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीही नाही. कारण असे की मजकूर पाच किलोमीटरांहून लांब अशा एकाच सर्पिल रेषेत लिहिलेला असतो, आणि ती रेषा आडवी छेदणारा ओरखडा ड्राइव्ह आपल्या गणिताने भरून काढू शकतो. परंतु रेषेच्या ओघानेच गेलेला ओरखडा अडीच मिलिमीटरांच्या पलीकडे लांबला की गणित हात टेकते. टूथपेस्ट चोळावी असा सल्ला देणारे एक शेजारी प्रत्येकास असतात. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे व टूथपेस्ट मोरीत परत ठेवावी.

त्यानंतर ड्राइव्ह. हल्लीच्या लॅपटॉपांतून तो हद्दपार झाल्यामुळे यूएसबीच्या तारेने जोडावयाचा बाहेरचा ड्राइव्ह बहुधा कोणाकडून तरी उसना आणावा लागतो, आणि त्याच्या तारेला दोन तोंडे असतील तर ती दोन्ही जोडावीत; एका तोंडाने मिळणाऱ्या विजेवर काही ड्राइव्ह चक्र फिरवू लागतात, पण वेग घेण्याच्या वेळी धापा टाकून बसतात, आणि यजमान मात्र सीडीच्या नावाने बोटे मोडतो. खण उघडत नसल्यास तोंडाशी एक सुईएवढे भोक असते. वीज बंद करून त्यात सरळ केलेली यू-पिन सारावी. हजेरी घ्यावयाची ती 'एलएसबीएलके' या आज्ञेने. यादीत 'एसआर-शून्य' हे नाव दिसले म्हणजे इसम हजर आहे. न दिसल्यास सीडीची चौकशी करण्यात अर्थ नाही, तार पाहावी.

आता मुख्य प्रकरण. सीडी घालावी, 'माउंट' करावी, आणि नकार आला की अन्य काहीही करण्यापूर्वी 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन रोजनामा उघडावा. तो कर्नल लिहितो. हा कर्नल लष्करी नव्हे, कारकुनी पेशाचा आहे, आणि त्याचे शेरे तुटक असले तरी प्रामाणिक असतात. त्यांतील दोन शेरे मुखोद्गत असावेत. 'मीडियम एरर' असे लिहिले असेल तर कागदच कुजला आहे. 'इल्लीगल रिक्वेस्ट' असे लिहिले असेल तर कागद शाबूत आहे, तुमचा अर्जच बेकायदेशीर आहे. या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. आम्हाला तो त्या दिवशी कळला नाही, कारण आम्ही रोजनामा उघडलाच नाही.

झाले ते असे. सीडी विनातक्रार माउंट झाली. आत 'एमपीईजीएव्ही' नावाचे दालन आणि त्यात सुमारे सातशे एमबीची एक फाइल दिसली. ती उतरवून घेऊ लागताच 'इनपुट-आउटपुट एरर' अशी आरोळी उठली, आणि आम्ही, कोणाही अर्धवट ज्ञान्याप्रमाणे, सीडी मरणपंथास लागल्याचे जाहीर करून शर्थीचे उपचार आरंभिले. 'इजेक्ट' या आज्ञेला वेगाचा आकडा देऊन ड्राइव्हची चाल चौपटीवर आणली, कारण बावन्नपट वेगाने धावणाऱ्यापेक्षा चालणारा अधिक नीट वाचतो. मग अँतोनियो दियाझ दियाझ यांनी रचलेला डीडीरेस्क्यू बोलावला. खऱ्याखुऱ्या जीर्ण सीडीसाठी याच्यासारखा दुसरा वैद्य नाही: तो सुगम भाग आधी उचलतो, अवघड जागी रेंगाळत नाही, आणि कोठले मिळाले व कोठले राहिले याची एक नोंदवही ठेवतो. त्या वहीचे नाव आज्ञेत देण्यास विसरू नये. वही असली म्हणजे काम तहकूब करून दुसऱ्याच ड्राइव्हवर पुढे चालविता येते, आणि एकाला न दिसलेली अक्षरे दुसऱ्याला अनेकदा दिसतात. खंडाचे माप २०४८ बाइट सांगावे, कारण तो ५१२ धरून चालतो आणि सीडीचे दप्तर २०४८च्या गठ्ठ्यांनी बांधलेले असते.

आम्ही हे सारे यथासांग केले. आत्या दर अर्ध्या तासाने चहा घेऊन येई.

"दिसतंय का रे काही?"

"तपास चालू आहे, आत्या."

"निरांजनं?"

"अजून मांडवसुद्धा नाही."

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. कुजलेली सीडी वाचताना ड्राइव्ह मंदावतो, कुरकुरतो, भिंग मागेपुढे नेतो, आणि मुदत संपल्यावरच हार मानतो. इथे नकार चटकन येत होता, जसा खिडकीवरचा कारकून अर्जाकडे न पाहता 'पलीकडच्या टेबलावर' म्हणतो तसा. तेव्हा कोठे आम्ही रोजनामा उघडला. ओळीमागून ओळ एकच शेरा होता: इल्लीगल रिक्वेस्ट, आणि त्याखाली कारण दिले होते की या ट्रॅकला हा वाचनप्रकार लागू नाही.

आमच्यापुढे होती ती व्हीसीडी. त्या काळी लग्ने व्हीसीडीवर निघत, हे आम्ही, जे त्या लग्नात जरीची टोपी घालून मिरवलो होतो, विसरून गेलो होतो. साध्या सीडीच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइट मजकूर आणि त्याच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले २७६ बाइट असतात. १९९३ साली व्हीसीडीचे नियम बांधणाऱ्यांनी असा विचार केला की चित्रात क्षणभर ठिपका आला म्हणून कोणी फिर्याद करीत नाही. सबब चित्राच्या ट्रॅकवर ती राखीव जागाही चित्रालाच देऊन टाकावी. त्यामुळे तेथील खंड २३२४ बाइटांचा झाला, आणि एका सीडीत ७४ मिनिटांचे लग्न मावू लागले. लिनक्स मात्र फाइल म्हणून विचारले की २०४८च्या मापानेच मागतो, आणि ड्राइव्ह नियमाप्रमाणे ते फेटाळतो. अर्ज योग्य टेबलावर न्यावा, म्हणजे 'व्हीसीडीएक्सरिप' या हत्याराला सांगावे, किंवा नुसते पाहावयाचे असल्यास व्हीएलसीत फाइल न उघडता डिस्क उघडावी. आम्ही तसे केले, आणि चार मिनिटांत सनईसह मांडव उभा राहिला.

प्रारंभीची बारा मिनिटे हृदयाकृती चौकटींतून गुलाब गळत होते. पुढे सीमांतपूजन, अंतरपाट, मंगलाष्टके, सप्तपदी असे रीतीप्रमाणे झाले. आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. पंगतीत मठ्ठ्याचे पातेले येता येता पडद्यावर 'क्रमशः' ही अक्षरे फिरत फिरत आली आणि सीडी संपली.

"आहेर?" आत्या म्हणाली.

"दुसऱ्या सीडीत असेल. दुसरी कुठे आहे?"

ती काही क्षण पडद्याकडे पाहत राहिली. मग उठली, गॅलरीत गेली, आणि कबुतरे बसू नयेत म्हणून दांडीला दोऱ्याने टांगलेली, कित्येक उन्हाळ्यांचे ऊन खाल्लेली चकती सोडवून, ती पदराने गोल गोल पुसत आत घेऊन आली.