गिरणीतली भाड्याची खुर्ची

लोअर परळमधल्या जुन्या कापडगिरण्यांच्या आवारांत आता सामायिक कार्यालयं, म्हणजे को-वर्किंग, चालतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून आटोपल्या. १९९१ च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरवले: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि गिरणीत मोकळी जागा असून असून असणार किती!

छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेकडे. साच्यांवर, म्हणजे मागांवर, थेट ऊन न येता सारखा उजेड पडावा म्हणून. तोच उजेड आता लॅपटॉपवर पडतो. भिंतींचा गिलावा पैसे खर्चून खरवडतात, कारण विटा दिसल्या की इतिहास दिसतो. कामगार दिसले नाहीत तरी चालतं.

पूर्वी बदली कामगार सकाळी फाटकावर ताटकळायचा. कुणाचा खाडा पडला तर त्याला साचा मिळे. आता या कार्यालयांत अनेकांची जागा ठरलेली नसते, आधी येईल त्याची खुर्ची. बदलीवाल्याला निदान भरलेल्या हजेरीचा पगार मिळे. इथे हजेरी लावायलाच महिन्याचं भाडं भरावं लागतं. चहा मात्र त्यातच धरलेला असतो.