आमच्या आत्याचं वाक्य परत करा

जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव

माहितीपटाचं मराठी निवेदन लिहिणारे महोदय यांस,



तुमचं नाव मला ठाऊक आहे. शेवटी पांढऱ्या अक्षरांत नावं सरकत होती, तेव्हा पडदा थांबवून मी ते वाचलं. नाव मराठी आहे, आडनाव आपल्याच मुलखातलं आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे. परक्या माणसाने हे केलं असतं, तर कपाळाला हात लावून गप्प बसलो असतो. तुमचं नाव मी इथे घेत नाही. माझं भांडण तुमच्या एका वाक्याशी आहे आणि ते वाक्य तुम्ही वाचताक्षणी ओळखाल.

किल्लारीच्या भूकंपावरच्या तुमच्या माहितीपटात एक म्हातारी बोलते. ती माझी आत्या. तेव्हाच्या उमरगा, आताच्या लोहारा तालुक्यातल्या एका गावात तिला दिली होती. त्या रात्री तिची सासू आणि मधली जाऊ गेली. कॅमेऱ्यासमोर ती डोक्यावरचा पदर सावरून बसली आहे आणि सांगते आहे. तिचा आवाज तुम्ही बारीक केला आणि त्यावर तुमचं निवेदन चढवलं : "त्या भूकंपानं तिच्यातला जिवंत दिवसउजेड घाबरवून बाहेर काढला."

अक्षरं देवनागरी आहेत, एवढं मी मान्य करतो. त्यापुढे या वाक्यात मराठी कुठे आहे, ते तुम्हीच दाखवा.

भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या रात्री गावोगाव गणपती पोचवून लोक उशिरा आडवे झाले होते. घरात मिट्ट काळोख होता. या काळोखात भूकंपाने कुठला उजेड बाहेर काढला? तुमच्याच माहितीपटात पहिल्या दोन मिनिटांत ही वेळ पडद्यावर येते. वेळ एका हाताने लिहायची आणि दुसऱ्या हाताने उजेड काढायचा, हे तुम्हाला कसं जमलं?

उजेड कुठून आला ते मी शोधून काढलं. माहितीपट आधी इंग्रजीत लिहिला गेला. तिथे होतं, 'स्केअर्ड द लिव्हिंग डेलाइट्स आउट ऑफ हर'. इंग्रजीत हा वाक्प्रचार जुन्या बोलीतून आला आहे. अठराव्या शतकात तिथे 'डेलाइट्स' म्हणजे डोळे. मारामारीच्या भाषेत एखाद्याचे 'डेलाइट्स' काळे करीन, अशी धमकी असायची. पुढे डोळ्यांवरून तो शब्द जिवावर गेला, त्याला 'लिव्हिंग' चिकटलं आणि जीव जाईल इतकं घाबरवणं असा अर्थ रुळला. १९८७ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटाचं नावही याच वाक्प्रचारातून आलेलं. त्यांच्या भाषेत तो जिवंत आहे, कारण त्यांच्या रस्त्यावर तो जन्मला. तुम्ही शब्दकोश उघडलात, लिव्हिंगला जिवंत, डेलाइटला दिवसउजेड असं एकेक ठेवत गेलात आणि आमच्या आत्याच्या तोंडावर चिकटवून दिलंत.

आता ती काय म्हणाली ते ऐका. तुमच्या निवेदनाखाली तिचा आवाज अजून ऐकू येतो. कानाला मोबाइल लावून मी तो तुकडा सात वेळा ऐकला. ती म्हणते, "माळवद दणानलं, मंग बसलं. काळजाचं पानी झालं. तोंडातून सबूद फुटंना."

हे वाक्य तुमच्याजवळ होतं. मराठीतच होतं. त्याचं तुम्ही इंग्रजी होऊ दिलंत, मग इंग्रजीचं पुन्हा मराठी केलंत. विहीर दारात असताना टँकर मागवावा आणि त्यातही गढूळ पाणी निघावं, तशी ही गोष्ट आहे.

'दणानलं' या एका शब्दात काय गेलं, ते तुम्हाला कळावं म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. खालून दगडाच्या दोन-दोन हात रुंद भिंती, दगडांच्या मधे चिखल. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर पुन्हा माती टाकायची. दरवर्षी थर चढायचा, दरवर्षी छत जड व्हायचं. उन्हाळ्यात आत गारवा, म्हणून सगळ्यांना या घराचा अभिमान. त्या पहाटे हीच माती आणि हेच दगड माणसांवर आले. सुमारे दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं पार उद्ध्वस्त झाली. एवढी माणसं मेली त्यामागे जमिनीच्या हादऱ्याइतकाच त्या जड छपराचा आणि चिखलाने जोडलेल्या भिंतींचा हात होता. भूकंप झाला तेव्हा आत्याने सगळ्यात आधी ऐकला तो डोक्यावरच्या मातीचा दणदणाट.

या मातीच्या सपाट छपराला मराठीत दुसरा शब्द आहे धाबं. आणि भयंकर घाबरण्याला मराठीत काय म्हणतात? धाबं दणाणणं. वर्तमानपत्रांनी या शब्दाची पार रया घालवली आहे. कुठे एक छापा पडला की अधिकाऱ्यांचं धाबं दणाणतं, निवडणूक लागली की पुढाऱ्यांचं. छप्पर कुणाला आठवत नाही. आत्याच्या तोंडात मात्र छप्पर आणि भीती पुन्हा एक झाली. तिचं माळवद खरोखर दणाणलं आणि त्याखाली ती खरोखर होती. असं वाक्य कुठल्या लेखकाला ठरवून सुचत नाही. त्यावर तुम्ही उजेड ओतलात.

तुम्हाला भीतीसाठी मराठी शब्द कमी पडले असतील, यावर माझा विश्वास नाही. आमच्या मुलखाने भीती इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्या प्रत्येक जातीला इथे वेगळं नाव आहे. दचकणं क्षणाचं असतं. धडकी भरते ती थोडी टिकते. धास्ती रोजची असते, कर्जाची, पावसाची. धाक वडिलांचा, जरब फौजदाराची, दरारा पाटलाचा. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बोबडी वळते तेव्हा जीभ जाते, हातपाय गळतात तेव्हा अंग जातं, दातखीळ बसते तेव्हा दोन्ही. आणि धसका घेतला की तो माणसाला सोडत नाही. आत्याने धसका घेतला. पुनर्वसनात तिला भूकंपाला टिकेल असं घर मिळालं, तरी पुढची कित्येक वर्षं ती पावसाळ्यातसुद्धा ओसरीत, दाराकडे डोकं करून झोपायची. तुमच्या माहितीपटात तिच्या ओसरीचं चित्र आहे. त्यावर 'धसका' हा एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं.

पाचावर धारण बसणं हेही घ्या. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. भीतीचा हा शब्द आडतीवरून आला आहे, धान्य महागल्यावर पोटात जो गोळा उठतो त्यातून. १९७२ चा दुष्काळ काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. माझ्या वडिलांनी खडी फोडली आहे. भाव ऐकून त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे.

तुम्ही म्हणाल, भाषा बदलते, बाहेरचे शब्द येतातच. येऊ द्या. मी भाषेच्या सोवळ्यातला माणूस नाही. जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव आहे. इथे मराठीला दखनी उर्दू आणि कानडी लागूनच आहेत, आणि निजामाची राजवट आम्ही १९४८ पर्यंत पाहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून भारतीय फौज याच रस्त्याने आत आली आणि पहिली झुंज आमच्या शेजारच्या नळदुर्गला झाली. त्याआधीच्या रझाकारी दिवसांविषयी आजी बोलायची तेव्हा 'दहशत' हाच शब्द वापरायची. तो फारसीतून आला म्हणून तिची भीती परकी झाली नाही. कारण तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून फिरला, झिजला, घरचा झाला. जरबही तशीच आली. तुमचा 'जिवंत दिवसउजेड' कुणाच्या तोंडातून फिरला? कुठल्या आईने लेकराला तसं सांगितलं? 'शॉक बसला' असं तुम्ही लिहिलं असतं, तरी माझी तक्रार नव्हती. आमची म्हातारीसुद्धा ते बोलते. उसना शब्द घरात राहतो. उसन्या वाक्याचा सांगाडा मात्र मराठी कपडे घालून दारात उभा राहतो आणि आतलं कुणी त्याला ओळखत नाही.

ओळखत नाही हे मी अंदाजाने लिहीत नाही. माहितीपट आला तेव्हा मी मोबाइल घेऊन आत्याकडे गेलो. स्वतःचा चेहरा पाहून ती आधी हसली. मग निवेदन सुरू झालं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, कानाजवळ नेला आणि मला विचारलं, "ही बाई कुनाची गोष्ट सांगाय लागलीय रं?"

आवाज जिचा आहे त्या बाईंचा काही दोष नाही, त्यांनी तुम्ही लिहून दिलं ते वाचलं. आत्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तुझीच गोष्ट आहे, असं मी म्हणालो. तिने मान हलवली आणि मोबाइल परत दिला. तिच्याकडे त्या रात्रीतून वाचलेल्या वस्तू फार थोड्या आहेत. एक पितळी तांब्या, सासूची एक पाटली आणि ती रात्र सांगायची स्वतःची चार वाक्यं. त्यांतलं एक तुम्ही काढून घेतलंत आणि ते तुम्हाला कळलंही नाही. न कळता झालं म्हणून मी ते सोडून देणार नाही. शब्दांचे पैसे घेणाऱ्या माणसाला शब्द कळलेच पाहिजेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या चौकातही पेढे वाटले गेले. तुम्हीही कुठेतरी खाल्ले असतील. दर्जा ताम्रपटांना आणि शिलालेखांना पाहून मिळाला. पण ज्या बायांना लिहिता येत नाही आणि ज्यांचं एक वाक्य तुमच्या चाळीस मिनिटांना भारी पडतं, त्यांच्या तोंडची मराठी कोण ऐकणार? ते काम तुमचं होतं. यंत्र तिच्या समोर होतं, माइक तिच्या पदराला होता.

मला माफीनामा नको. आत्याच्या पाया पडायला येऊ नका, ती ओशाळेल. माहितीपट अजून दाखवला जातो आहे, शाळांतूनही दाखवणार असं ऐकतो. ते एक वाक्य काढून टाका. त्या जागी दुसरं काही लिहू नका, कितीही चांगलं सुचलं तरी. तिचा आवाज मोठा करा आणि ती जे बोलते ते तसंच ऐकू द्या. नऊ सेकंद लागतात, मी मोजले आहेत.

आपला,
जळकोटचा एक भाचा