अथ फेंडरप्रक्षालनविधी

ज्यांच्याकडे बोट नाही त्यांना वाटेल, हा लेख आपल्यासाठी नाही. तो त्यांच्यासाठीच आहे. बोट असलेला माणूस स्वतः फेंडर धूत नाही. बोट नसलेल्या नातेवाइकाकडे आणून टाकतो. माझ्या मेव्हण्याची बोट आहे, म्हणजे एका बोटीचा चतुर्थांश भाग त्याचा आहे. चौघा मित्रांनी मिळून घेतलेली ही तेवीस फुटी शिडाची बोट दिवाळीनंतर गेटवेसमोर नांगरलेली असते आणि पावसाच्या आधी, मे संपताना, काठावर ओढून ठेवतात. कुठला चतुर्थांश कुणाचा, हे काही ठरलेलं नाही. फोटो काढताना बोट चौघांची असते, घासताना उरलेल्या तिघांची. त्यामुळे जूनच्या पहिल्या रविवारी चार फेंडर आमच्या गॅलरीत आले. "दाजी, जरा हात फिरवून ठेवा," एवढंच तो म्हणाला.

फेंडर म्हणजे बोट धक्क्याला किंवा शेजारच्या बोटीला लागते तेव्हा मधे जो चेंगरतो तो. 'डिफेंड' या शब्दाचं मुंडकं उडवून हा शब्द झाला आहे. काम साधारण लग्नातल्या मध्यस्थासारखं: दोन्ही बाजूंनी दाब, आणि ओरखडा उठला तर दोष त्याचाच. आमचे फेंडर पांढऱ्या प्लास्टिकचे, हवा भरलेले, पावणेदोन फूट लांब, सहा इंच जाड, टोकाला दोर ओवायला भोक. दिसायला थेट बैठकीतला लोड. पांढरे होते, हे मी मेव्हण्याच्या सांगण्यावरून लिहितो आहे. माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा रंग जळक्या तव्याच्या मागच्या बाजूचा होता.

धुण्याआधी मळाची ओळख करून घ्यावी. गेटवेची दगडी पायरी ही पहिली दोषी. १९२४ साली हे प्रवेशद्वार खुलं झालं, राजेराण्या याच बाजूने उतरल्या. पण तुमच्या बोटीच्या रंगाशी त्या बेसाल्टला काही देणंघेणं नाही. त्यात उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. म्हणजे बोट पायऱ्यांना बांधून तुम्ही निवांत जेवायला गेलात, तर तेवढ्या वेळात फेंडर त्या दगडावरून किसणीवरच्या नारळासारखा फिरतो.

दुसऱ्या दोषी म्हणजे लाँची. घारापुरीला नि मांडव्याला जाणाऱ्या त्या लाकडी लाँची तिथे एकमेकींना खेटून उभ्या असतात, इतक्या की आपली लाँच चौथी असेल तर आधीच्या तिघींमधून चालत जावं लागतं. त्यांच्या अंगावर जुने टायर लटकवलेले असतात. टायर हा खरा फेंडर: फुकट, अमर आणि मुळातच काळा. तो काळा असतो कारण रबरात काजळी घोटलेली असते. ती काजळी तो ज्याला घासेल त्याला सढळ हाताने देतो. एका लाँचवरचा म्हातारा खलाशी मला कापडाने फेंडर पुसताना बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, टायर कधी धुतलाय का कुणी?" या प्रश्नाला उत्तर नाही. असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

याशिवाय डिझेलचा धूर, पाण्यावरची तेलाची साय, शेवाळ आणि पक्ष्यांची कृपा. शेवाळाबद्दल मात्र मेव्हण्याला बोल लावणं भाग आहे. बोट सुटली की फेंडर आत ओढून घ्यावेत, असा जगभरच्या नावाड्यांचा शिष्टाचार आहे. ते बाहेर लोंबते ठेवून शिडं फुगवणं म्हणजे लेंग्याची नाडी लोंबती ठेवून सीमांतपूजनाला उभं राहणं. हे चौघे पूर्ण हिवाळा तसेच फिरले.

पण खरा शत्रू बाहेरचा नाही. माळ्यावर दहा वर्षं घडी करून ठेवलेला रेनकोट तुम्ही कधी उलगडला आहे? तो उलगडत नाही, सोलावा लागतो. जुन्या डायरीच्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेला पासपोर्ट फोटो असाच अर्धा चेहरा तिथेच ठेवून बाहेर येतो. कारण एकच. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपासारखं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात, कधीकधी वजनाच्या पाव हिश्शाहूनही जास्त. उन्हाने आणि वयाने हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. फेंडरला घाम फुटतो म्हणा ना. त्या चिकट घामावर बंदरातली सगळी काजळी येऊन बसते आणि मग तो मळ राहत नाही, लेप होतो.

आता मराठी माणसाचा स्वभाव. आपल्याकडे कुठल्याही चिकट वस्तूवर पहिला उपाय रॉकेल. सायकलची चेन, कढईचं बूड, हाताला लागलेला रंग, फणसाचा चीक. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून मी रंगवाल्याकडून थिनर आणला. हे का करू नये ते अधिकाराने सांगतो, कारण मी केलं. चिंधी थिनरमध्ये बुडवून पहिल्या फेंडरवर एक हात मारला आणि खालून असा दुधासारखा शुभ्र पट्टा निघाला की मी बायकोला हाक मारली. शेजाऱ्यांनाही दाखवला. पाच मिनिटांत पूर्ण फेंडर नव्यासारखा. दोन दिवसांनी त्याला बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला. चौथ्या दिवशी गॅलरीतलं वर्तमानपत्र त्याला चिकटलं आणि राशिभविष्याचा कोपरा कायमचा छापला गेला, कन्या राशीपासून पुढे. थिनर मळ काढत नाही. तो प्लास्टिकचा वरचा थरच विरघळवतो, आतलं तेल मोकळं करतो, आणि मळाला पुढच्या वेळी बसायला गादी अंथरून देतो.

हा फेंडर मी कपाटामागे ठेवून दिला. त्याचं पुढे येईल.

उरलेल्या तिघांचा विधी असा. फेंडर हवा भरलेलाच धुवावा. हवा काढली की सुरकुत्यांत मळ लपतो. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण घालून त्यात अर्धा तास लोळवावा. फेंडर बुडत नाही, तरंगणं हा त्याचा धर्म आहे, म्हणून वर पाटा किंवा भरलेला डबा ठेवावा. मग मऊ ब्रशने घासावा. तारेची घासणी, काथ्या, नारळाची शेंडी यांना बोलावू नये: त्यांनी पडलेल्या प्रत्येक चरेत पुढच्या हंगामातला मळ आधीच नाव नोंदवून ठेवतो. तांब्या-पितळेची पावडर घेऊन आईही मदतीला आली होती. तिला मी नम्रपणे देवघराकडे वळवलं.

टायरच्या काळ्या रेघा साबणाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी पांढरा मेलामाइन स्पंज मिळतो, तो ओला करून हलक्या हाताने फिरवावा. दिसायला तो लोण्यासारखा असला तरी जातीने पॉलिश पेपर आहे; जोर लावाल तर रेघेबरोबर चकाकीही जाईल. काही ठिकाणी रबर लागलेलं फार दिवस राहिलं की तपकिरी डाग आतपर्यंत मुरतो. स्वयंपाकघरात व्हिनाइलच्या फरशीवर रबरी पायपुसणं ठेवून पाहिलेल्या गृहिणींना हा डाग माहीत आहे. तो निघत नाही. ती बाजू बोटीकडे करून फेंडर बांधावा.

तळाशी चुन्याचे बारीक, टणक फोड दिसतील. ही बार्नेकलची वस्ती. हे प्राणी एकदा डोकं चिकटवून घर बांधतात आणि मग जन्मभर हलत नाहीत. दादर-गिरगावच्या पागडीतल्या भाडेकरूंना त्यांचं मन कळेल. चुना आंबटाला वश होतो, म्हणून व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवावी आणि मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने खरवडावं. घरात आमसुलं होती, पण किलोचा भाव ऐकून हात मागे घेतला. बुरशीचे ठिपके असतील तर पातळ केलेलं ब्लीच चालतं. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत कधीही आणू नये; दोन्ही मिळून क्लोरिन वायू निघतो आणि मग फेंडर धुणारा माणूसच आडवा होतो. विनोदी लेखातलं हे एक वाक्य गंभीरपणे वाचावं.

शेवटी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. अंगठ्याने दाबला की किंचित दबला पाहिजे. फुटबॉलसारखा टणक भरला तर उन्हात हवा फुगून शिवण ताणते. आणि त्याला मोजा घालावा. विकत मिळणारे लोकरी मोजे महाग असतात, मी मेव्हण्याच्या जुन्या ट्रॅक पँटचे पाय कापून घातले. त्याला अजून कळलेलं नाही. एका पँटमध्ये दोन फेंडर होतात. मळला की मोजा मशिनमध्ये टाकता येतो, फेंडर टाकता येत नाही.

तीन लख्ख फेंडर असे तयार होऊन दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे राहिले. तिथेच ते गणपतीपर्यंत राहिले, कारण माळा भरलेला होता आणि बोट अजून काठावर होती. आरतीनंतर भजनाला मंडळी बसली. लोड कमी पडले. सौ.ने कुणाला न विचारता तिन्ही फेंडर भिंतीशी मांडले आणि त्यावर अभ्रे चढवले. वा! इतकी छान बैठक आमच्या घरी कधी जमली नव्हती. तबलेवाले काका तर म्हणाले, असा हलका लोड कुठे मिळतो?

एवढ्यात सासरे आले, नव्या कोऱ्या रेशमी झब्ब्यात. त्यांच्या पाठीला काहीच नव्हतं. आमच्या धाकट्याने कपाटामागे हात घालून आणखी एक लोड शोधून काढला आणि आजोबांच्या मागे सरकवला. त्याला अभ्रा नव्हता. सप्टेंबरातला उकाडा, अडीच तास भजन, आणि सासरे रंगात आले की मागे रेलून ताल धरतात.

प्रसादाला सगळे उठले. सासरेही उठले. फेंडर त्यांच्याबरोबर उठला.

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मेव्हणा त्या फेंडरकडे बघत होता, मी मेव्हण्याकडे. सासूबाईंनी मात्र जवळ जाऊन चिकटलेला झब्बा दोन बोटांनी नीट तपासला आणि आत वळून विचारलं, "अगं, थोडं थिनर आहे का घरात?"