‘सोप्पंय’ म्हणणाऱ्या सरांना

प्रिय सर,



गेल्या शनिवारी आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी शाळेच्या बारा शिक्षिकांना तुम्ही अडीच तासांत ‘वेब प्रोग्रॅमिंग’ शिकवलंत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. ‘सोप्पंय’ तुम्ही एकवीस वेळा म्हणालात. पुढे मी मोजायचं सोडलं. तोवर तुम्ही एचटीएमएल संपवून रिॲक्टवर पोचला होतात आणि माझ्या शेजारच्या ताई अजून कीबोर्डवर टोकदार कंस शोधत होत्या. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी होती, चहा गार होता. ते जाऊ द्या.

रविवारी मी पालकांसाठी स्वतः पान लिहिलं. वर ‘मराठी’, खाली बालवर्गाचा गृहपाठ. माझ्या लॅपटॉपवर झोकात दिसत होतं. साइटवर चढवलं आणि ‘मराठी’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या इंग्रजी ‘ए’ची रांग लागली. ‘ठ’चा एक तुकडा अदृश्यच. शेवटच्या वेलांटीचे तर येन आणि युरो झाले! एका पालकांचा फोन आला, “बाई, फी वाढवली का?”

तीन दिवस डोकं आपटल्यावर कळलं, एक ओळ नव्हती. हे पान यूटीएफ-८ मध्ये आहे, असं ब्राउझरला सांगणारी ‘मेटा चारसेट’ची ओळ. त्या संकेतपद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ओळ नसली की ब्राउझर प्रत्येक बाइट सुटं अक्षर समजून वाचतो, ‘मराठी’तल्या पाच चिन्हांची पंधरा करतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं तिच्यावाचून फारसं अडत नाही. मी विचारलंही होतं, “वरच्या ओळी कशाला?” तुम्ही म्हणालात, “बॉयलरप्लेट आहे, सोडून द्या.” मी दिलं सोडून. मराठी शाळेत, सर! मराठी शाळेत!

माझ्या वर्गातल्या तुमच्या मुलाचा ‘ठ’ दर वेळी ‘ढ’ होत होता. तीन रविवार मी त्याचं बोट धरून गिरवून घेतलं. एकदाही ‘सोप्पंय’ म्हटलं नाही.

पण दोष एकट्या तुमचा नाही. ओबामांनी जानेवारी २०१६ मध्ये सगळ्या मुलांना कॉम्प्युटर सायन्स शिकवायची घोषणा केली, राज्यांसाठी ४ अब्ज डॉलर मागितले. त्यात शिक्षकांचं प्रशिक्षणही होतं. काँग्रेसने ते दिले नाहीत. पगारी शिक्षकांची ही कथा, मग आम्हा फुकट शिकवणाऱ्यांच्या वाट्याला कुणाचा तरी उरलासुरला शनिवार येणार, हे ओघानंच आलं.

तोही तुमचा कुठे होता म्हणा. मध्येच फोन वाजला, तुम्ही व्हरांड्यात जाऊन “येस, येस” करत राहिलात. परतलात ते उतरल्या चेहऱ्यानं, आणि वेग दुप्पट. ऑफिसात माणसं कमी करतायत, हे मुलानं वर्गात सांगून टाकलंय. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात फार तर साठ दिवस. आमच्या घरी ते एकदा कॅलेंडरवर फुल्या मारत मोजले आहेत.

पुढच्या शनिवारी पुन्हा या. फोन आला तर खुशाल घ्या, आम्ही थांबू. सुरुवात त्या वरच्या ओळींपासून करा. आणि फी वाढलेली नाही, हे पालकांच्या ग्रुपवर तुम्हीच टाका.

आपली,
बालवर्गाच्या बाई