बेपत्ता डीएलएल आणि परकीय हात

आपल्या राज्यात कागद गहाळ होणे हा अपघात समजण्याचा प्रघात नाही. आदर्श सोसायटीचे प्रकरण 2010 साली उजेडात आले आणि नगरविकास खात्याच्या नस्तीतील काही कागद जागेवर नाहीत असे निष्पन्न झाले, तेव्हा ते वाळवीने खाल्ले असतील किंवा एखाद्या पापभीरू कारकुनाच्या हातून भलत्याच गठ्ठ्यात गेले असतील, असा उदार विचार उभ्या महाराष्ट्रात फारसा कोणाच्या मनाला शिवला नाही. दप्तरातून जे नाहीसे होते ते कोणाच्या तरी हितासाठी नाहीसे होते, हा सिद्धांत आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने कमावलेला आहे. म्हणूनच, ‘अमुक नावाची डीएलएल फाइल सापडत नाही’ असे निवेदन संगणकाच्या पडद्यावर उमटताच गोराईतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने ‘व्हायरस!’ असा निवाडा जागच्या जागी दिला, याबद्दल तिला बोल लावणे अन्यायाचे ठरेल.

संस्थेची कचेरी म्हणजे पंपाच्या खोलीला खेटून असलेली एक अरुंद जागा. तिला खिडकी एकच, आणि तीतून खाडीचा खारा वारा बारमाही आत येत असतो. कपाटाच्या बिजागऱ्या, पंख्याची पाती, स्टेपलरच्या पिना या सर्वांवर त्याने आपली तांबूस मोहोर उठवली आहे. फक्त संगणकावर त्याचा अंमल चालत नाही अशी कार्यकारिणीची श्रद्धा. त्या महिन्याची मेंटेनन्सची बिले छापता येईनात, तेव्हा तातडीची सभा भरली आणि अध्यक्षमहाशयांनी, आवाज खाली आणून, चीनचे नाव घेतले.

या तर्काला पूर्वाधार नव्हता असे नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी, सोमवारी, ऐन कचेऱ्यांच्या वेळी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी थबकल्या, आणि ज्या शहराला विजेचा लपंडाव ही मुफस्सलची चैन वाटे त्या शहराने मेणबत्त्या शोधल्या. पुढे 1 मार्च 2021 रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. वीजमंडळाच्या यंत्रणेत 14 ‘ट्रोजन हॉर्स’ शिरले असावेत, असे त्यात नमूद होते. लगोलग केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी खुलासा केला की, वीज गेली ती मानवी चुकीने. या दोहोंपैकी कोणते मत नागरिकांच्या पसंतीस उतरले असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. मानवी चूक म्हटली की तिच्यामागोमाग माणूस येतो, त्याला हुद्दा असतो आणि त्याच्यावरही कोणी वरिष्ठ असतो. परकीय शत्रूच्या बाबतीत अशी गैरसोय नसते. त्याची जबानी घ्यावी लागत नाही आणि तो खुलासाही मागत नाही.

असो. दुरुस्तीसाठी खाडीपलीकडच्या गोराई गावातला जो मुलगा येतो तो फेरीबोटीने खाडी उतरून आला, आणि त्याने प्रथम यंत्राचे झाकण उघडून रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर फिरवले, ती जागेवर दाबून बसवली, आणि मग काळ्या चौकटीत ‘एसएफसी स्कॅननाऊ’ असा हुकूम सोडला. हा विंडोजचाच दफ्तरतपासनीस. तो मूळ फाइलींची मोजदाद करतो आणि जी बिघडली वा हरवली असेल तिच्या जागी राखीव साठ्यातली प्रत आणून ठेवतो.

“काका, अपडेट चालू असताना लाइट गेली असणार,” मुलगा म्हणाला. “यूपीएसची बॅटरी तर कधीच मेलीय. व्हायरसला मशीन चालू हवं असतं. तो कशाला फाइल घालवून तुम्हाला जागं करेल?”

हे विधान कार्यकारिणीला रुचले नाही. पण त्यात तथ्य होते. घरात लपून राहू इच्छिणारा चोर सहसा जिन्याच्या पायऱ्या काढून नेत नाही. फाइल नाहीशी होण्यामागे अर्धवट राहिलेले अपडेट, झिजलेली डिस्क, एखादा प्रोग्रॅम काढून टाकताना त्याच्याबरोबर पुसले गेलेले सामाईक सामान, अशी नीरस कारणेच बहुधा असतात. अपवाद आहेत, आणि ते ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पेनड्राइव्हमधल्या साऱ्या फाइली अदृश्य होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर संशय रास्तच होय. संगणक सुरू होताक्षणी एखादी अनोळखी स्क्रिप्ट सापडत नसल्याची तक्रार आली, तर कधीकधी त्याचा अर्थ असा असतो की व्हायरस येऊन गेला, अँटीव्हायरसने त्याची बरखास्ती केली, परंतु हजेरीपटावरचे त्याचे नाव कोणी खोडले नाही.

हरवलेल्या फाइलीपेक्षा भलत्या ठिकाणी आढळलेली फाइल मात्र अधिक चौकशीस पात्र असते. ‘एसव्हीसीहोस्ट’ हा विंडोजचा इमानी नोकर सिस्टिम 32 या फोल्डरात नांदतो. तोच डाउनलोड्समध्ये किंवा नावात एक अक्षर मागेपुढे करून वावरताना दिसला तर तो तोतया समजावा. तथापि पत्त्यावरून पारख करणाऱ्याने एक गंमतही जाणून असावी: 64-बिट विंडोजमध्ये सिस्टिम 32 नावाच्या फोल्डरात 64-बिट फाइली असतात, आणि सिसवॉव 64 नावाच्या फोल्डरात 32-बिट. ही व्यवस्था कोणा व्हायरसने केलेली नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी केली आहे, आणि तिची सरकारी छाप पाहून मला तर आपलेपणाच वाटतो.

आणि रखवालदाराचे काय? 21 एप्रिल 2010 रोजी मॅकअफीच्या अँटीव्हायरसने त्याच इमानी एसव्हीसीहोस्टला व्हायरस ठरवले आणि ठिकठिकाणचे विंडोज एक्सपी संगणक पुनःपुन्हा बंदचालू होत राहिले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगातले सुमारे 85 लाख संगणक निळे पाडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. दोन्ही वेळी शत्रू गैरहजर होता. 2002 साली तर लोकांनी रखवालदाराचीही वाट पाहिली नाही: अस्वलाचे चित्र असलेली एक विंडोजची निरुपद्रवी फाइल व्हायरस आहे, अशी ईमेल फिरली, आणि भल्याभल्यांनी ती स्वहस्ते पुसून, मित्रांनाही तसे करण्याचा सल्ला दिला.

यांतले काहीही इतिवृत्तात आले नाही. यूपीएसच्या बॅटरीचा विषय तीन दरपत्रके न आल्यामुळे दोन वर्षांपासून तहकूब होता, तो पुन्हा तहकूब झाला. परकीय हल्ल्याचा बंदोबस्त मात्र त्याच बैठकीत मंजूर झाला: खजिनदारांच्या भाच्याकडे एका महागड्या अँटीव्हायरसची कुलूप तोडलेली प्रत आहे, ती पेनड्राइव्हवरून फुकट बसवून घ्यावी, म्हणजे संस्थेस तोशीस नाही, असा ठराव एकमताने संमत झाला. प्रतीसोबत सूचनांचा एक कागद होता. चिटणीसांनी तो मोठ्याने वाचला. पहिलीच सूचना अशी होती की, ही प्रत बसवण्यापूर्वी संगणकावरील सर्व संरक्षण बंद करावे. चिटणीसांनी ते केले.